बुळकांडीचा कोंडवाडा

पुण्यात संगमाजवळची अभियांत्रिकी कॉलेजची जुनी दगडी इमारत सगळ्यांच्या ओळखीची. एकोणिसाव्या शतकात या कॉलेजला ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणत. पूल, धरणे, रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या पिढ्या इथून बाहेर पडल्या, हे पुणेकर कौतुकाने सांगतात. याच कॉलेजात १८८९ साली इंग्रज सरकारने ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ थाटली होती आणि चारच वर्षांत तिला बाडबिस्तरा गुंडाळून हिमालयात जावे लागले, ही गोष्ट मात्र क्वचितच कुणी काढतो. ती पुण्यातून उठली त्याला राजकारण कारण नव्हते की पैशाची तंगी. गुरांचे जे जिवंत रोगजंतू तिथे हाताळायचे होते, ते भरवस्तीत ठेवण्यासारखे नव्हते, एवढेच.

त्या रोगांत सगळ्यात भयंकर होती बुळकांडी. आज चाळिशीच्या आतल्या शेतकऱ्याने हा शब्द ऐकला असेल तो आजोबांच्या तोंडून. इंग्रजीतले तिचे नाव रिंडरपेस्ट, म्हणजे जर्मन भाषेत गुरांचा प्लेग. जनावराला आधी सडकून ताप येई, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळू लागे, तोंडात फोड येऊन लाळेच्या तारा लोंबत. मग हगवण सुरू होई. सहा ते बारा दिवसांत खेळ खलास. ज्या कळपाने हा रोग कधीच पाहिलेला नसे, त्यातली दहापैकी आठ-नऊ गुरे मरत. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली की पाऊस चांगला होऊनही शेत पडीक राही, आणि त्या घरापुरता तो दुष्काळच असे.

ही भीती दप्तरी नोंदली गेली ती १८७१ साली. मुंबई इलाख्यातले पशुवैद्य जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने हिंदुस्थानातल्या गुरांच्या साथींवर आपला अहवाल त्या वर्षी दिला. पुढे १८८६ मध्ये परळला पशुवैद्यक कॉलेज सुरू झाले. औषध मात्र कुणाकडेच नव्हते. रोग कशाने होतो हेही ठाऊक नव्हते. तो जंतू सूक्ष्म गाळणीतूनही पार होतो, म्हणजे जिवाणूंहून लहान आहे, हे इस्तंबूलमध्ये निकोल आणि आदिल बे यांनी दाखवले ते १९०२ साली. त्याआधी प्रयोगशाळा उभारणे म्हणजे न दिसणाऱ्या चोरासाठी तुरुंग बांधण्यासारखे होते.

पुण्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. त्यांची अडचण समजायची तर त्या काळी रोगाचा ‘नमुना’ म्हणजे काय असे, ते डोळ्यांसमोर आणायला हवे. आज नमुना म्हटले की बोटाएवढी काचेची कुपी आणि उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर आठवतो. बुळकांडीचा विषाणू जनावराच्या शरीराबाहेर फार नाजूक असतो. ऊन लागले, रक्त सुकले, दोन दिवस उकाड्यात राहिले की मेलाच. म्हणून तेव्हाचा नमुना चार पायांवर उभा असे. एका बैलाला रोगट रक्त टोचायचे, रोज थर्मामीटर लावायचा, ताप चढला की त्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढायचे आणि ते पुढच्या बैलाला टोचायचे. तो पहिल्याच्या वाटेने जाणार हे गृहीत धरून तिसरा तयार ठेवायचा. ही साखळी तुटली की नमुना संपला, आणि चालू राहिली तर प्रयोगशाळेच्या आवारात बारा महिने साथ पाळलेली असे. तिथल्या गोठ्याचे शेण, मूत, गवताची काडी, नोकराच्या पायताणाला लागलेला चिखल, यातले काहीही दुसऱ्या गोठ्यापर्यंत पोचणे पुरेसे होते. आणि पुण्यात गोठे तर पावलोपावली. त्या काळी शहरातला सगळा माल बैलगाड्यांवरून जात होता.

म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलली. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसात हजार फूट उंच, देवदार आणि बांजाच्या जंगलात, जवळचे रेल्वे स्टेशन खाली काठगोदामला. वर जायचे ते पायी किंवा घोड्यावर. शिवाच्या एका जुन्या देवळावरून पडलेले नाव, आणि आजूबाजूला वस्ती अगदी तुरळक. भिंती, गाळण्या, हवेचा दाब यांतले काहीच हाताशी नसताना साहेबाने जंतूला कोंडण्यासाठी अंतर वापरले. आपल्याकडे चुकार गुरे कोंडवाड्यात घालतात. इथे कोंडवाडा अख्ख्या डोंगराचा होता.

१८९७ मध्ये तिथे एक मोठा पाहुणा येऊन गेला. रॉबर्ट कॉख. ते आले होते मुंबईच्या प्लेगसाठी, जर्मन सरकारच्या पथकाबरोबर. पण त्याआधीचे काही महिने त्यांनी दक्षिण आफ्रिकेत, किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींच्या गावी, बुळकांडीवर काम करण्यात घालवले होते. तिथे हा रोग कसा पोचला, त्याची कहाणी भारतीयांना थोडी अवघडवणारी आहे. १८८७ च्या सुमारास इरिट्रियात इटालियन फौजेसाठी परदेशातून जनावरे उतरवली गेली, त्यांच्याबरोबर रोग आला. ती जनावरे भारतातून आली असावीत, असे बरेच इतिहासकार मानतात. दहा वर्षांत साथ इथिओपियापासून केपपर्यंत गेली. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत आणि १८८८ ते १८९२ चा भीषण दुष्काळ पडला. दक्षिणेकडच्या सरकारांनी काटेरी तारांची लांबच लांब कुंपणे घातली, पहारे बसवले. रोगाने कुंपणे ओलांडली.

कॉख यांची पद्धत होती बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचण्याची. ती काही प्रमाणात लागू पडे. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत कोले आणि टर्नर यांनी आणखी धाडसी युक्ती काढली. जनावराच्या एका बाजूला रोगातून उठलेल्या जनावराचे रक्तद्रव्य टोचायचे आणि दुसऱ्या बाजूला चक्क जिवंत रोगाचे रक्त. दोन्हींची झुंज लागते आणि जनावर जन्मभरासाठी सुरक्षित होते. मुक्तेश्वरही या धंद्यात उतरले. १८९९ पासून तिथे रक्तद्रव्य तयार होऊन देशभर जाऊ लागले. मात्र या पद्धतीत एक विसंगती दडलेली होती, आणि ती आजच्या नजरेला अधिक खुपते. ज्या रोगाला कोंडण्यासाठी डोंगर गाठला, तोच रोग जिवंत रक्ताच्या रूपाने पुन्हा गावोगाव न्यायचा. शिवाय बैलाच्या रक्ताबरोबर गोचिडतापासारखे दुसरे आजारही फुकट जात.

त्यातून वाट काढली जे. टी. एडवर्ड्स या मुक्तेश्वरच्या संचालकांनी. १९२० च्या दशकात त्यांनी बैलाऐवजी बोकड घेतले. बोकडाच्या रक्तातून गुरांचे इतर आजार जात नाहीत, एवढाच मूळ हेतू होता. पण शेकडो वेळा एका बोकडातून दुसऱ्यात गेल्यावर विषाणूची बैलांवरची धारच बोथट झाली. नुसते बोकडाचे रक्त टोचले तरी गावरान जनावर थोडे तापून बरे होई आणि पुन्हा कधी बुळकांडीला बळी पडत नसे. रक्तद्रव्याची गरज उरली नाही. पुढची तीस-चाळीस वर्षे भारताने साथीशी लढाई केली ती मुख्यतः या बोकडाच्या लशीवर. एका अर्थी तो कोंडलेला विषाणूच पाळीव झाला होता.

डोंगर नसलेल्या देशांनी बेटे शोधली. जर्मनीत फ्रीडरिश लोएफलर लाळ्या-खुरकुतीवर ग्राइफ्सवाल्डमध्ये काम करत होते, तेव्हा आसपासच्या गोठ्यांत पुन्हा पुन्हा रोग फुटू लागला. मग १९१० साली बाल्टिक समुद्रातल्या रीम्स बेटावर त्यांची नवी संस्था गेली. डेन्मार्कने १९२६ मध्ये लिंडहोम बेट धरले, अमेरिकेने १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळचे प्लम बेट. या सगळ्यांना मुक्तेश्वर ठाऊक होते की नाही, याने काही बिघडत नाही. विचार तोच होता: मधे भरपूर मोकळी जागा सोडा.

या काळात भारतीय गुरांनी आणखी एक इतिहास घडवला. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे वाटेत अँटवर्प बंदरात थांबली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली. युरोप इतका हादरला की १९२४ साली पॅरिसमध्ये अठ्ठावीस देशांनी करार करून प्राण्यांच्या साथींसाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यालय उघडले. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच. या संघटनेची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

१९५० नंतर दोन गोष्टी बदलल्या. केनियातल्या मुगुगा इथे वॉल्टर प्लाउराइट यांनी ‘काबेटे ओ’ हा विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत, काचेच्या भांड्यात, नव्वदेक पिढ्या वाढवला. त्यातून निघालेली लस स्वस्त होती, जवळपास निर्धोक होती आणि एकदा टोचली की पुरे. दुसरे, निर्वात थंडीत सुकवण्याचे तंत्र आले. अर्ध्या शतकापूर्वी ज्या विषाणूला जगवण्यासाठी बैलांची रांग उभी करावी लागे, तो आता चिमूटभर पांढऱ्या भुग्याच्या रूपाने बंद कुपीत वर्षानुवर्षे पडून राही. आधी अडचण होती तो मरू नये याची. आता तो कुठल्या कपाटात जिवंत आहे, याचा विसर पडण्याची. हा फरक तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आला असेल, कारण सगळे लस टोचण्याच्या घाईत होते.

भारताची घाई १९५४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाने सुरू झाली. पाच वर्षांत ऐंशी टक्के गुरांना लस, असे ठरले होते. प्रत्यक्षात चाळीस वर्षे लागली. सरकारी मुदतींचा अनुभव असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण न्यायाने सांगायचे तर देशातली कोट्यवधी गुरे, त्यांचे बाजार, पायी चालणारे कळप यांचा हिशोब सोपा नव्हता. शेवटची साथ १९९५ साली तमिळनाडूत झाली. मग लस थांबवली, वर्षानुवर्षे रक्त तपासले, आणि २००६ च्या मे महिन्यात भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त ठरला. जगातली शेवटची ज्ञात नोंद २००१ ची, केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानम्हशींची. २०११ साली मे महिन्यात पशुआरोग्य संघटनेने आणि जूनमध्ये अन्न व कृषी संघटनेने जाहीर केले की बुळकांडी पृथ्वीवरून संपली. देवीनंतर संपलेला हा दुसराच रोग.

संपली म्हणजे गोठ्यांतून. कुपीतली बुळकांडी शाबूत होती.

कुपीतला रोग काय करू शकतो, हे देवीने आधीच शिकवले होते. १९७७ मध्ये सोमालियात देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला आणि दहा महिन्यांत, १९७८ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्या एका छायाचित्रकार बाईंना देवी झाल्या. देवीच्या विषाणूची प्रयोगशाळा त्यांच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर होती. त्या वाचल्या नाहीत. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी स्वतःचा जीव घेतला. चौकशी झाली, खटला झाला, विषाणू वर नक्की कसा गेला यावरचा वाद मिटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र एक काम चिवटपणे केले: देवीचे नमुने बाळगणाऱ्या पंचाहत्तरच्या आसपास प्रयोगशाळांना एकेक करून ते नष्ट करायला किंवा सोपवायला लावले. १९८४ पर्यंत दोनच उरल्या, एक अमेरिकेत, एक रशियात. आणि तरीही, २०१४ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाच्या सरकारी आवारात एका जुन्या शीतखोलीची आवराआवर करताना खोक्यात सहा कुप्या निघाल्या. त्यांवर देवीचे नाव होते. १९५० च्या दशकात कुणीतरी बंद करून ठेवलेल्या. दोन कुप्यांतला विषाणू वाढवून पाहिला, तर जिवंत!

बुळकांडीच्या बाबतीत हा धडा लवकर गिरवायचे ठरले. २०११ नंतर दीडशे देशांना विचारणा झाली: तुमच्याकडे काय आहे? उत्तर आले, ३५ देशांतल्या ४४ प्रयोगशाळांत काही ना काही आहे. कुठे रानटी विषाणू, कुठे लशीचे बीज, कुठे तपासणीसाठी ठेवलेले जुने ऊतक. व्याख्याही काळजीपूर्वक करावी लागली. विषाणू तर आलाच, पण आजारी जनावराचे गोठवलेले मांस, जिवंत लस, विषाणूची अख्खी जनुकीय लांबी असलेला पदार्थ, हे सगळे त्यात धरले. लस का धरायची, असा प्रश्न पडू शकतो. तिच्यातही जिवंत विषाणूच असतो, आणि उद्या रोग परत आला तर तीच लागणार. म्हणून ती फेकता येत नाही आणि कुठेही ठेवताही येत नाही. मग नियम झाला की मान्यता मिळालेल्या मोजक्या केंद्रांतच हे सामान राहील, त्यावर प्रयोग करायचा तर पशुआरोग्य आणि अन्न व कृषी या दोन्ही संघटनांची परवानगी लागेल, आणि बाकी सगळ्यांनी ते नष्ट करावे किंवा त्या केंद्रांकडे पाठवावे. पहिल्या केंद्रांत इंग्लंडमधले पर्ब्राइट, अमेरिकेतले प्लम बेट, जपान आणि इथिओपियातले आफ्रिकी संघाचे लस केंद्र होते. ज्या इथिओपियात या रोगाने माणसांना उपाशी मारले, तिथेच आता आफ्रिकेचा साठा कुलूपबंद आहे.

आजचा कोंडवाडा आतून कसा असतो? बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब कमी ठेवतात, म्हणजे दार उघडले की हवा आत शिरते, बाहेर येत नाही. बाहेर जाणारी हवा दाट गाळण्यांतून जाते. दोन दारे एकाच वेळी उघडतच नाहीत. आत जाणाऱ्याने आपले कपडे, घड्याळ, अंगठी बाहेर काढायची, आतले कपडे घालायचे. बाहेर येताना ते तिथेच टाकून डोक्यावरून अंघोळ करायची, नाक शिंकरायचे, चष्माही जंतुनाशकात बुडवून घ्यायचा. वहीत लिहिलेला कागद बाहेर येत नाही, फक्त त्यातला मजकूर येतो. जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्याला घरी जाताना आणखी एक पथ्य असते: ठरावीक दिवस गोठ्याकडे, गुरांच्या बाजाराकडे फिरकायचे नाही. गाय पाळणाऱ्या माणसाला ही नोकरी अशी नडते. टाकाऊ वस्तू दाबाच्या वाफेत १२१ अंशांवर शिजवतात, आणि मोरीचे पाणीसुद्धा निर्जंतुक करूनच सोडतात.

मोरीचे पाणी. पर्ब्राइटला नेमके तेच नडले. ऑगस्ट २००७ मध्ये सरे परगण्यातल्या एका शेतावर लाळ्या-खुरकुत निघाली. विषाणू तपासला तर तो होता १९६७ च्या साथीतला, चाळीस वर्षांपूर्वीचा, जो निसर्गात कुठेच उरला नव्हता. तो जवळच्याच पर्ब्राइटच्या आवारात, संशोधनासाठी आणि लशीसाठी वाढवला जात होता. हवेच्या गाळण्या, दारे, अंघोळी याबद्दल चौकशीत संशय राहिला नाही. संशय गेला तो सांडपाण्याच्या जुन्या, भेगाळलेल्या नळांवर. त्या उन्हाळ्यात पाऊस धो धो पडला होता, बांधकाम चालू होते, आणि मालमोटारींच्या चाकांना लागलेली माती शेताकडच्या रस्त्यावर गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. एकशे वीस वर्षांपूर्वी पुण्यात ज्या चिखलाची भीती होती, तोच हा चिखल.

याच पर्ब्राइटकडे बुळकांडीच्या नमुन्यांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी ठरवले की प्रत्येक नमुन्याचा जनुकीय क्रम उतरवून घ्यायचा आणि मग नमुना नष्ट करायचा. कुप्या वाफेत गेल्या. १४ जून २०१९ रोजी शेवटचा हप्ता संपला. एकूण तीन हजारांवर कुप्या. विषाणू गेला, त्याचे अक्षरन् अक्षर मात्र संगणकात राहिले. त्या अक्षरांवरून पुन्हा विषाणू घडवणे आज अशक्य राहिलेले नाही. कॅनडात २०१७ मध्ये संशोधकांनी घोडदेवीचा विषाणू असाच जुळवून दाखवल्याचे जाहीर केले होते. तेव्हा या नव्या कोंडवाड्याला भिंती कुठे घालायच्या, याचे उत्तर पर्ब्राइटच्या वाफेत नाही.

भारतात बुळकांडीचे नमुने सांभाळण्याचे काम आले भोपाळकडे. तिथली उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा १९९० च्या दशकाअखेर सुरू झाली. महाराष्ट्राने तिचे नाव पहिल्यांदा नीट ऐकले ते फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्या पटापट मरू लागल्या तेव्हा. नमुने भोपाळला गेले आणि बर्ड फ्लूचे निदान तिथूनच आले. २०१२ मध्ये हीच जागा बुळकांडीच्या राष्ट्रीय साठ्यासाठी ठरली. २०२५ च्या मे महिन्यात पॅरिसच्या अधिवेशनात पशुआरोग्य संघटनेने आणि अन्न व कृषी संघटनेने भोपाळला पहिल्या वर्गाचे केंद्र म्हणून मान्यता दिली. अशी केंद्रे जगात सहाच.

पशुआरोग्य संघटना मुळात कशामुळे जन्मली, ते आठवले म्हणजे या मान्यतेतली गंमत कळते. भारतीय गुरांनी अँटवर्पला नेलेल्या रोगापासून युरोपला वाचवायला जे कार्यालय उघडले, त्यानेच शंभर वर्षांनी त्या रोगाच्या किल्ल्या भारताच्या हाती दिल्या. मान्यतेची मुदत सुरुवातीला एका वर्षाची होती. ती टिकवायची तर पुन्हा कागद दाखवायचे, आणि कुलूप उघडून पुन्हा कुप्या मोजून द्यायच्या.